ऑफिसात त्रास होतोय? एचआरला नुसतं तोंडी सांगून थांबू नका
कोणी घाणेरडे मेसेज टाकतंय, मुद्दाम अंगाला हात लावतंय, तर तारीख, वेळ, तिथं कोण कोण होतं सगळं लिहून ठेवा अन् स्क्रीनशॉट स्वतःच्या फोनमध्ये घ्या, कंपनीचा मेल कधी बंद करतील नेम नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार बाईने शेवटच्या प्रकारापासून ३ महिन्यांत अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारींसाठी कंपनीत नेमलेली समिती) लेखी तक्रार द्यायची असते (एचआर शेवटी कंपनीचंच ना). १० पेक्षा कमी लोक असतील किंवा खुद्द मालकच त्रास देत असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. आणि चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते, पण तीही लेखीच मागा, आपणहून कोणी देत नाही.