मृगाआधीचा एक रविवार गाडीसाठी: काय काय काढून ठेवायचं

मृग लागतो 7-8 जूनला, त्यामुळे मेमधला शेवटचा रविवार आमच्याकडे गाडीचा. पुण्यात एकदा पाऊस सुरू झाला की मग दसऱ्यापर्यंत निवांत कोरडा दिवस मिळेलच असं नाही, म्हणून रंगाचं आणि चाकांचं जे काही करायचं ते आत्ताच. पार्किंगमध्ये दरवर्षी कोणी ना कोणी थांबून विचारतं की हे काय काय आणलंयस, किती वेळ लागतो, आम्हालाही सांग ना, तर या वेळी सगळं एका जागी लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगतो कारण बाकी सगळी तयारी तिच्याभोवतीच आहे. रंगाच्या सगळ्यात वर जो पारदर्शक थर असतो ना, क्लिअर कोट, तो साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ, आणि त्यावरचे बारीक ओरखडे बहुतेक वेळा रस्त्यावर पडलेले नसतात, धुता-पुसताना पडलेले असतात. रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली गाडी उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, त्या धुळीवरून फडकं फिरवल्याच्या. आमची गाडी काळी, त्यामुळे लपायला जागाच नाही. तेव्हा वाळूचा एक कणही रंगावर घासला जाऊ नये याची तयारी आधी, वॅक्सचं नंतर बघू.

सुरुवात फडक्यांपासून, आणि ती आठवडाभर आधी. जुना बनियन, पंचा, टीशर्ट यातलं काही नको, शिवण टोचते आणि सुती कापड धूळ पोटात घेत नाही, ती वरच्यावर फिरवत राहतं. मायक्रोफायबरची आठ-दहा फडकी 300-400 जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम, आकडा जितका मोठा तितकं कापड जाड), गाडी कोरडी करायला एक मोठा जाड टॉवेल 800 च्या वरचा, आणि घासायला स्पंजऐवजी हातमोज्यासारखा झुपकेदार वॉश मिट, कारण स्पंज सपाट असतो, खाली कण सापडला की तो तसाच दाबून ओढला जातो. नव्या फडक्यांची लेबलं कापून टाका, मग थोड्याशा लिक्विड डिटर्जंटमध्ये वेगळी धुवा, सुती कपड्यांबरोबर टाकली तर त्यांचा सगळा कापूस यांना चिकटतो, कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात नको कारण त्याने धागे बुळबुळीत होतात आणि फडकं पाणी ओढेनासं होतं. सावलीत वाळवा. मी मार्करने कोपऱ्यात 'रंग' आणि 'चाक' असं लिहितो, घरात कोणीही मदतीला आलं तरी घोळ होत नाही. आणि एक नियम, खाली पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. मागच्या वर्षी मिट पेव्हर ब्लॉकवर पडला, नळाखाली धरून दोनदा खळबळून घेतला, दिसायला अगदी स्वच्छ, पण तळहातावर दाबून पिळला तर तीन बारीक खडे हाताला लागले. तोच मिट तसाच दारावर फिरला असता.

बादल्या तीन लागतात. एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, तिसरी फक्त चाकांची आणि ती कायमची चाकांचीच. पत्रा एक-दीड हात पुसला की मिट साध्या पाण्यात खळबळायचा, मगच परत शाम्पूत बुडवायचा. बादलीच्या तळाला बसणारी जाळी मिळते ती घ्या, वाळू खाली जाऊन बसते आणि परत वर ढवळली जात नाही. शाम्पू गाडीचाच हवा, पीएच न्यूट्रल लिहिलेला. भांडी घासायचं लिक्विड तेलकटपणा काढायलाच बनवलेलं असतं, ते गाडीवरचं वॅक्सही घेऊन जातं.

पाण्याचा विचार आदल्या दिवशीच करायचा. मेमध्ये आमच्या सोसायटीत टँकर चालू असतात, तिथे पाइप सोडून गाडी धुणं मला पटत नाही आणि त्याची गरजही नाही. गाडी फार मळलेली नसेल तर न खळबळता पुसून घ्यायचं रिन्सलेस वॉश मिळतं, ऑप्टिमम नो रिन्स हे त्यातलं जुनं नाव, 256 ला 1 हे त्याचं प्रमाण, म्हणजे 15 लिटरच्या बादलीत साधारण 60 मिली, आणि एका बादलीत गाडी होते. पण चिखल किंवा कोकणातली तांबडी माती चिकटलेली असेल तर आधी पाण्याचा मारा लागणारच, तिथे काटकसर केली तर रंग घासला जातो. बोअरचं पाणी असेल तर ते अंगावर वाळू देऊ नका, पाणी उडून जातं आणि क्षार गोल डागांच्या रूपाने मागे राहतात. हल्ली बरेच जण आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात, भावना चांगलीच आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, चाकांच्या कमानी धुवायला वापरा, शेवटच्या हाताला नको. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी हवेतल्या बाष्पाचं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, मी मे महिनाभर ते कॅनमध्ये साठवून फडक्यातून गाळून ठेवतो आणि शेवटी बॉनेट आणि टपावरून सोडतो. फरक उन्हात बघितल्यावर कळतो.

जागा सावलीची, वेळ सकाळी साडेसहाची, गाडी रात्रभर उभी असलेली. पत्र्याला हाताची मागची बाजू लावून बघा, गरम लागला तर थांबा. बेसमेंटमध्ये धुणार असाल तर आधी वर बघा, स्लॅबमधून चुन्याचं पाणी ठिबकत असेल तर ती जागा सोडा. तसे पांढरे ओघळ गाडीवर आधीच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून फडकं भिजवून दोन-तीन मिनिटं त्यावर ठेवा, मऊ पडलं की धुवून टाका, खरवडू नका.

आता चाकं, आणि इथे मी जरा जास्त बोलणार. चाकांवर जी काळी-तपकिरी पूड बसते ती ब्रेक पॅड आणि डिस्क झिजून उडालेली असते, त्यात लोखंडाचे कण असतात, ते गरम असतानाच चिकटतात, मग गंजतात आणि लॅकरमध्ये, म्हणजे चाकावरच्या पारदर्शक थरात, रुतून बसतात. दोन वर्षांपूर्वी मी घाईत एका वॉशिंग सेंटरला गाडी दिली होती, तिथल्या मुलाने अलॉयवर कसलंतरी ॲसिडचं पाणी मारलं, पाच मिनिटांत चाकं लखलखीत, आणि महिनाभराने चकचकीत कडांवर लॅकरच्या खाली दुधाळ धागे पसरायला लागले. ते आजही तसेच आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं. म्हणून ॲसिड नसलेला व्हील क्लीनर घ्या आणि जोडीला आयर्न रिमूव्हर. हातमोजे घालून थंड, कोरड्या चाकावर तो मारला की लोखंडाशी रिॲक्शन होऊन दोन-चार मिनिटांत जांभळे ओघळ वाहायला लागतात, वास कुजक्या अंड्यासारखा येतो, त्यामुळे हे काम मोकळ्या हवेत. वाळू द्यायचा नाही, जांभळं झालं की ब्रशने फिरवून भरपूर पाण्याने धुवायचा. ब्रश तीन: स्पोकच्या मागे जाणारा लांब मऊ, पुढच्या बाजूला रंगाऱ्याच्या ब्रशसारखा मऊ केसांचा पण धातूची पट्टी नसलेला, आणि नटांच्या खोबणीसाठी जुना टूथब्रश. टायरला वेगळा कडक ब्रश. तारेची घासणी घरातच राहू दे. चाकांच्या कमानीत हात घालून आतला चिखल काढा, तिथेच पाऊसभर ओल राहते. आणि चाकं आधी, बॉडी नंतर, नाहीतर चाकांचं काळं पाणी धुतलेल्या दारांवर उडतं.

बॉडी धुवून झाली की प्लास्टिकची पातळ पिशवी हातात मोज्यासारखी घाला आणि ओल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला काच वाटणारा पत्रा पिशवीतून सँडपेपरसारखा खरखरीत लागतो. मेट्रोच्या कामाची धूळ, ब्रेकची पूड, आंब्याखाली गाडी लावली असेल तर मोहराच्या दिवसात तुडतुड्यांनी सोडलेला चिकटा, सगळं तिथे असतं. यासाठी क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, पहिल्यांदा करणाऱ्याने मऊ ग्रेडचाच घ्यावा. छोटा तुकडा चपटा करा, शाम्पूचं पातळ पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून भरपूर मारा, वजन न देता सरळ रेषेत फिरवा, सुरुवातीला खर्र खर्र आवाज येतो, मग बंद होतो आणि क्ले सुळकन सरकतो, झालं, पुढचा भाग. तुकडा घडी घालून स्वच्छ बाजू वर घेत राहा. तो खाली पडला तर उचलून कचऱ्यात, कितीही नवा असला तरी.

पक्ष्यांच्या विष्ठेला रविवारची वाट बघू नका. मे-जूनला जांभळं पिकतात आणि पक्षी ती खाऊन गाडीवर जे टाकतात ते उन्हात क्लिअर कोटमध्ये शिरतं, एका दुपारीत ठसा उठतो. गाडीत कायम एक पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन फडकी ठेवा, भिजवा, मिनिटभर थांबा, टिपून उचला.

रंगावर संरक्षक थर म्हणून वॅक्स लावायचं की सीलंट, यावर लोक तासन्‌तास बोलतात. कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण, काळ्या रंगावर ते फार सुंदर दिसतं पण आपल्या पावसात दीड-दोन महिनेच टिकतं. म्हणून पावसाआधी मी सिंथेटिक सीलंट लावतो, तो साधारण चार महिने काढतो, आणि दिवाळीला कार्नोबा. लावताना थर इतका पातळ की जेमतेम दिसावा, काळ्या प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि निघता निघत नाहीत. तोच सीलंट चाकांनाही लावा, पुढच्या वेळी पूड नुसत्या पाण्याने उतरते. मॅट फिनिशची गाडी असेल तर मात्र हे काहीच लावू नका, तिची उत्पादनं वेगळी असतात.

टायरला पाण्याचा बेस असलेलं ड्रेसिंग, फक्त बाजूला, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कधीच नाही.

बॉनेटच्या पुढच्या कडेला घाटातल्या खडीचे टवके असतील तर टचअप पेन आधीच मागवून ठेवा, रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नाहीतर बॉनेटखाली असतो. धुवून कोरडं झाल्यावर, सीलंट लावायच्या आधी, टोकाने एकेक थेंब. टवक्यात पावसाचं पाणी शिरलं की खालून गंज सुरू.

आणि रोज सकाळी गाडी पुसायला येतात त्या दादांशी आदल्या दिवशीच बोलून घ्या. त्यांना एका तासात पंधरा-वीस गाड्या करायच्या असतात, बादली एकच असते, त्यांचा दोष नाही. मी त्यांना चार फडकी दिलीत आणि सांगितलंय की दादा, पैसे तेवढेच घ्या, पण फक्त काचा आणि आतलं पुसा, रंगाला मी बघतो. पहिले दोन दिवस त्यांना विचित्र वाटलं, आता तेच लांबून सांगतात की साहेब, बॉनेटवर कावळा बसला होता, बघून घ्या.

सगळं झालं की गाडी लगेच लावून टाकू नका, सोसायटीच्या बाहेर एक चक्कर मारा, दोन-तीनदा ब्रेक दाबा, डिस्क कोरड्या होतात, नाहीतर सोमवारी सकाळी त्यांच्यावर तांबूस गंज दिसतो आणि पहिल्या ब्रेकला खर्र वाजतं. परत आल्यावर आरशांच्या आणि दारांच्या फटींतून थोडं पाणी ओघळलेलं असतंच, त्यासाठी एक कोरडं 'रंग' फडकं बाजूला ठेवलेलं असू द्या.