शाळेत गॅमेलान, तेही केळ्यांवर!

वर्ल्ड म्युझिकचा तास म्हणजे व्हिडिओ लावून द्यायचा अन् मागच्या बाकांवर पोरं पेंगणार, त्यापेक्षा हे करून बघा. लागणार काय तर एक लॅपटॉप, एक मेकी मेकी बोर्ड (त्याला जोडलेल्या वस्तूला हात लावला की कॉम्प्युटरला की दाबल्यासारखं वाटतं, असं छोटं सर्किट), पाच बाऊल आणि पाच केळी.

इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या गॅमेलानमध्ये, म्हणजे तिथल्या घंटा अन् धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यवृंदात, स्लेंड्रो म्हणून पाच सुरांची सप्तक-रचना असते. आपल्या भूपातही पाचच सूर, पण स्लेंड्रोत अंतरं जवळजवळ सारखी, म्हणजे साधारण २४० सेंट (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट), त्यामुळे पेटीवर ती नीट सापडतच नाही! म्हणून पाच चिनी मातीचे बाऊल घ्या, पाणी भरून काडीने वाजवा, पाणी वाढवलं की सूर उतरतो, मोबाइलच्या ट्यूनर ॲपवर बघत बघत जुळवा. परफेक्ट व्हायची गरज नाही, खऱ्या गॅमेलानचे संचही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

मग प्रत्येक बाऊलचा आवाज स्क्रॅचमध्ये (मुलांसाठीचं फुकट कोडिंग सॉफ्टवेअर) रेकॉर्ड करा आणि चार बाणांच्या कीज व स्पेस अशा पाच कीजना एकेक आवाज जोडा. बोर्डवरच्या त्याच पाच जागांपासून क्लिपच्या वायरी केळ्यांना. सहावी वायर बोर्डवरच्या 'अर्थ' (Earth) जागेची, सर्किट पूर्ण व्हायला ती वाजवणाऱ्याने दुसऱ्या हातात धरायची. मी पहिल्यांदा हेच विसरले अन् दहा मिनिटं ड्रायव्हर शोधत बसले, पोरं हसतायत!

वाजायला लागलं की एकाला संथ मूळ चाल द्या, दुसऱ्याला तीच दुप्पट वेगाने. केळी मात्र तास संपेपर्यंत मोजून ठेवा.