हवाईयन इअररिंगमध्ये अनंत शब्द कसे वापरायचे
आधी हवाईयन इअररिंगचं चित्र काढा, १, १/२, १/३... त्रिज्येची वर्तुळं, सगळी एकाच बिंदूत आतून चिकटलेली. न-व्या (न म्हणजे १, २, ३...) वर्तुळाची एक फेरी म्हणजे अक्षर अ-न, उलटी फेरी म्हणजे त्याचा इन्व्हर्स. अशा अक्षरांची ओळ म्हणजे शब्द, म्हणजेच एक लूप (त्या बिंदूतून निघून तिथेच परतणारी वाट). शब्द अनंत लांब चालतो, अक्षरं परिमेय संख्यांसारखी गच्च बसली तरी चालतं, फक्त प्रत्येक अक्षर मर्यादित वेळाच यावं नाहीतर लूप कंटिन्युअस राहत नाही. दोन शब्द सेम आहेत का, म्हणजे तो बिंदू धरून एक लूप तोडल्याशिवाय सरकवत दुसरा करता येतो का? फक्त अ१ ते अ-न ही अक्षरं ठेवा, बाकी पुसा, फ्री ग्रुपमध्ये रिड्यूस करा (अक्षर आणि त्याचा इन्व्हर्स शेजारी आले की खोडा, दुसरा नियम नाही), प्रत्येक न साठी जुळलं की झालं. खरी डोकेदुखी पहिल्या होमॉलॉजीत (लूपचा ग्रुप अ‍ॅबेलियन केला, म्हणजे क्रम विसरला, की उरतं ते): [अ१,अ२][अ३,अ४]... घ्या, [अ,ब] म्हणजे कम्युटेटर, अ, ब, अ चा इन्व्हर्स, ब चा इन्व्हर्स. इथे प्रत्येक अक्षराची बेरीज (फेरी +१, उलटी -१) शून्य, तरी पहिल्या होमॉलॉजीत हा शब्द शून्य नाही, कारण अ१ पासून २न-व्या वर्तुळापर्यंतची अक्षरं ठेवली की किमान न कम्युटेटर लागतातच आणि अ‍ॅबेलियन करताना शून्य ठरायला मर्यादितच कम्युटेटरचा गुणाकार चालतो.