एसओएस गोळी देताना या चुका टाळा

चिठ्ठीवर डॉक्टर लिहितात, 'लोराझेपाम १ एमजी, एसओएस'. म्हणजे मन शांत करणारी ही गोळी 'गरज पडली तरच' द्यायची. बस्स. आता गरज पडली की नाही हे ठरवायचं कुणी? रात्री अडीचला एकट्या ड्युटीवर असलेल्या मावशीने. घोळ इथूनच सुरू होतो. म्हणून चिठ्ठी हातात घेतानाच विचारा: काय दिसलं की द्यायची, दोन डोसांत किती तास, दिवसात जास्तीत जास्त किती. आणि उत्तर लिहूनच घ्या. 'अस्वस्थ असल्यास' याला काही अर्थ नाही. 'डोकं भिंतीवर आपटतो, समजावूनही थांबत नाही' याला आहे.

आमच्या केंद्रात एक आजोबा रात्रभर दाराची कडी वाजवायचे. बोलणं जवळपास बंद झालेलं. तीन रात्री त्यांना प्रोमेथाझिन हे गुंगी आणणारं औषध दिलं. चौथ्या रात्री नवीन आलेल्या मुलीने सहज पोटाला हात लावला, तर ओटीपोट टणक. लघवी तुंबली होती, आणि या औषधाने ती आणखीच अडते. वहीत तिन्ही दिवस एकच नोंद: 'त्रास देतात'. तेव्हापासून गोळीच्या डब्याआधी लघवी, शौच, ताप, दाढ, भूक बघायची, अशी आमची रीत आहे.

हॅलोपेरिडॉल या भ्रम आणि उत्तेजितपणावरच्या औषधानंतर माणूस येरझाऱ्या घालू लागला, एका जागी बसवेना, तर लगेच दुसरा डोस नको. तो बऱ्याचदा त्या औषधाचाच दुष्परिणाम असतो. डॉक्टरांना फोन लावा.

घाईही नडते. तोंडाने घेतलेल्या लोराझेपामला परिणाम दाखवायला अर्धा तास तरी द्या. दहा मिनिटांत 'लागू पडली नाही' म्हणू नका. उलट काहीजण 'सवय लागेल' म्हणून घाबरलेल्या, स्वतःहून गोळी मागणाऱ्या ताईला तासन्‌तास टोलवतात. तेही चूकच.

आणि स्टाफ कमी आहे म्हणून गोळी द्यायची? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात, माणसं कमी आहेत एवढ्या कारणावरून रुग्णाला बांधता येत नाही. नियम बांधण्याबद्दल आहे, पण मी तो गोळीलाही लावते.

हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, 'एसओएस दिली' एवढंच सांगू नका. का दिली, आधी काय करून पाहिलं, तासाभराने काय झालं, तेही सांगा. दर रविवारी मी स्ट्रिप मोजते. आठवड्यात पाच गेल्या असतील, तर सोमवारी सकाळी डॉक्टरांना पहिला फोन त्याचाच.