आजारावरच्या लघुपटाची ध्वनिरचना: आधी कान कोणाचा ते ठरवा

आजारावरचा लघुपट करायला घेतला की एडिटिंगच्या टाइमलाइनवर सगळ्यात आधी दोन आवाज येऊन पडतात: छातीचे ठोके आणि मॉनिटरची पिप-पिप. पहिल्या मसुद्यापुरते तरी दोन्ही काढून टाका. ते ऐकताक्षणी प्रेक्षकाला 'दवाखाना, पेशंट' एवढं कळतं आणि पुढचं तो ऐकतच नाही.

रेकॉर्डर बाहेर काढण्याआधी पटकथेतल्या प्रत्येक प्रसंगापुढे लिहा: इथे कान कोणाचा? आजाऱ्याचा, उशाशी बसलेल्याचा, की दाराबाहेर थांबलेल्याचा? तापाने फणफणलेल्याला पलीकडच्या खोलीतली कुजबुज नको तितकी टोचते, पण समोरच्याचं वाक्य अर्ध्यातच विरून जातं. उशाशी बसलेला माणूस श्वास मोजत असतो. दोन श्वासांमधलं अंतर जरा लांबलं की तो दचकतो. हे ठरलेलं नसेल तर पुढचे सगळे फिल्टर नुसते शोभेला. कॅमेरा आणि कान एकाच माणसाला द्यायला हवेत असंही नाही. चेहरा रुग्णाचा दिसतोय आणि ऐकू येतंय ते बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्याला, असं करून पाहा. चित्रावाचूनही भागतं: एड्समुळे दृष्टी जात असताना ब्रिटिश दिग्दर्शक डेरेक जार्मन यांनी १९९३ साली 'ब्लू' हा चित्रपट केला, त्यात ७९ मिनिटं पडद्यावर फक्त एक निळा रंग आहे. बाकी सगळा भार आवाजावर.

आता रेकॉर्डिंग. रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि मोठ्यातला मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल. प्रत्येक खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा स्वतःचा आवाज, मिनिटभर तरी घ्या, सगळ्यांना जागच्या जागी गप्प बसवून. माझ्या एका लघुपटात सगळ्यात हळव्या वाक्याच्या मध्यावर फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि ते वाक्य पुन्हा डब करावं लागलं. तेव्हापासून मी फ्रिज बंद करतो आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवतो, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरत नाही. युक्ती जुनी आहे, माझी नव्हे.

काय रेकॉर्ड करायचं? गोळ्यांची एक स्ट्रिप घ्या. माइक वीतभरापेक्षाही जवळ, साधारण १० सेंटीमीटरवर. अंगठ्याने दाबलं की आधी प्लॅस्टिक कुरकुरतं, मग क्षणभर काहीच होत नाही, मग फॉइल फाटतं आणि गोळी तळहातावर जवळजवळ निःशब्द पडते. चार आवाज, त्यातला एक गप्प. हाच तुकडा अर्ध्या वेगाने वाजवला की सप्तकभर खाली उतरतो आणि कुठेतरी जड कडी सरकल्यासारखा लागतो. दिवसातून तीनदा ही कडी वाजते, एवढ्यावर अख्खा प्रसंग उभा राहू शकतो. दुसरी गोष्ट, कॉन्टॅक्ट माइक. तो हवेतला आवाज जवळजवळ घेत नाही, वस्तूतली थरथर घेतो. पलंगाच्या चौकटीला चिकटवा आणि कुणाला तरी कूस बदलायला सांगा. घर हलल्यासारखं ऐकू येतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या शरीराच्या आतला आवाज करताना. कानाला दडा बसल्याचा परिणाम हवा म्हणून लोक अख्ख्या मिक्सवर, म्हणजे सगळ्या आवाजांवर एकदमच, लो-पास फिल्टर (वरचे सूर कापून फक्त खालचे जाऊ देणारा) टाकतात आणि सगळं पाण्याखाली गेल्यासारखं होतं. स्वतःची बोटं कानात घालून बघा. बाहेरचं जग दबतं, पण आपला आवंढा, चावणं, श्वास उलट मोठे होतात. म्हणून फिल्टर फक्त बाहेरच्या आवाजांवर, ६०० ते ८०० हर्ट्झच्या आसपासपासून वरचं कापणारा. आतले ट्रॅक वेगळे ठेवून थोडे वर आणा. आजाऱ्याचा स्वतःचा आवाजही त्याला हाडांतून, जरा भरदार ऐकू येतो. तो मिळवायला कॉन्टॅक्ट माइक नटाच्या गळ्याशी लावा आणि नेहमीच्या माइकखाली हलका मिसळा.

कानातल्या सततच्या गुणगुणीसाठी एकच सूर लावला तर तो यंत्राचा वाटतो. ४००० आणि ४००३ हर्ट्झचे दोन सूर एकत्र लावा. ते सेकंदाला तीनदा कमीजास्त होतात आणि जिवंत भासतात. कान या पट्ट्यात फार तल्लख असतो, त्यामुळे आवाज अगदी बारीक ठेवा. प्रेक्षकाला त्रास देणं म्हणजे प्रयोग नव्हे. मिनिटभराने तो हळूच काढून घ्या. सूर सुरू असताना ज्यांचं लक्ष नव्हतं, त्यांनाही तो गेल्याचं जाणवतं.

श्वास लूप करू नका, तिसऱ्या फेरीला पकडला जातो. निरोगी मोठा माणूस आरामात असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. धाप दाखवायची तर नटाला मध्ये मध्ये थांबू द्या, सलग जोरात श्वास घेतल्याने भोवळ येते. शांतता हवी असेल तिथे रूम टोन राहू द्या. ट्रॅक पूर्ण कोरा सोडला तर स्पीकर बिघडला असं वाटतं, म्हणून तो धक्का एकदाच वापरा.

खऱ्या रुग्णाचं रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, नंतर ऐकवून पुन्हा विचारा. चांगला आला नाही म्हणून खोकायला लावायचं नाही, एवढी लाज ठेवूया. दवाखान्याच्या व्हरांड्यातला माझा एक सुंदर तुकडा मी टाकून दिला, कारण मागे कुणाचं तरी नाव आणि तपासणी पुकारली जात होती.

मिक्स झाल्यावर पडदा बंद करून हळू आवाजात एकदा ऐका, मग हेडफोनवर, मग फोनवर. आणि एवढं करूनही छातीचे ठोके हवेसेच वाटले, तर परत आणा. फक्त त्यांचा बराचसा भाग १५० हर्ट्झच्या खाली असतो, जो फोनच्या स्पीकरमधून जवळपास येतच नाही. म्हणून प्रत्येक ठोक्याखाली उशीवर मूठ आपटल्याचा आवाज बारीक करून ठेवा.