सांगली महाग की सातारा? भाव मोजताना या चुका टाळा

‘साताऱ्यापेक्षा सांगलीत महागाई जास्त आहे’ हे वाक्य कट्ट्यावर खपून जातं. तेच वाक्य कॉलेजच्या प्रकल्पात, पगारवाढीच्या अर्जात किंवा स्थानिक पुरवणीतल्या बातमीत आलं, की विचारावं लागतं: जास्त म्हणजे नक्की काय? भाव, की भाव वाढण्याचा वेग? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची मोजणी वेगळी आणि उत्तरंही बऱ्याचदा उलटी. बाकीच्या बहुतेक चुका याच गोंधळातून निघतात, म्हणून आधी तो निस्तरू.

समजा, सांगलीत कांदा गेल्या वर्षी ३८ रुपये किलो होता, आज ४० आहे. साताऱ्यात गेल्या वर्षी २६ होता, आज ३२. कांदा महाग कुठे? सांगलीत. कांद्याची महागाई जास्त कुठे? साताऱ्यात, कारण तिथे वाढ सुमारे २३ टक्के आहे आणि सांगलीत जेमतेम सव्वापाच. (आकडे उदाहरणापुरते आहेत, उद्या मंडईत जाऊन माझ्याशी भांडू नका.)

निर्देशांक शेजारी ठेवून ‘कोण महाग’ ठरवणं

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दर महिन्याला ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करतं. त्यात राज्यांचे ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असे आकडे असतात. मग कुणीतरी दोन राज्यांचे आकडे शेजारी मांडतो आणि ज्याचा आकडा मोठा ते राज्य महाग, असा निकाल देऊन मोकळा होतो. पण आधार वर्षात, म्हणजे ज्या वर्षापासून मोजणी सुरू होते त्या वर्षी, प्रत्येक राज्याचा निर्देशांक १०० धरलेला असतो. २०१२ हे आधार वर्ष धरलेल्या मालिकेत महाराष्ट्रही १०० आणि बिहारही १००. त्या काळात दोन्हीकडे जगण्याचा खर्च सारखा होता का? तेंडुलकर पद्धतीने काढलेल्या २०११-१२ च्या दारिद्र्यरेषा पाहा. ग्रामीण महाराष्ट्रात दरडोई महिना ९६७ रुपये, ग्रामीण बिहारमध्ये ७७८. शहरी भागात ११२६ आणि ९२३. या रेषा काढताना राज्याराज्यांतल्या भावांचा फरक धरलेला होता. निर्देशांक तो फरक पहिल्याच दिवशी पुसून टाकतो आणि फक्त ‘तिथून पुढे किती वाढलं’ एवढंच सांगतो. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

शिवाय हा निर्देशांक राज्यापाशीच थांबतो. सांगली किंवा सातारा जिल्ह्याचा वेगळा आकडा त्यात नसतो. ‘जिल्ह्यातील महागाई दर’ असं कुणी छापलं, तर तो राज्याचा आकडा आहे की कुणी स्वतः मोजलाय, हे आधी विचारा.

नोकरदार मंडळींमध्ये आणखी एक गैरसमज पक्का बसलाय. केंद्र सरकारच्या घरभाड्याच्या वर्गवारीत सांगली ‘वाय’ आणि सातारा ‘झेड’ म्हणजे सांगली सरकारदरबारी महाग ठरली, असं समजतात. ती वर्गवारी लोकसंख्येवर आहे. पाच लाख ते पन्नास लाख लोकसंख्येचं शहर ‘वाय’मध्ये जातं, त्यासाठी कुणी सांगलीच्या विश्रामबागेत भाडी विचारत फिरलेलं नसतं. केंद्राचा महागाई भत्ता तर औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. त्याची टक्केवारी मुंबईत आणि महाबळेश्वरात एकच. तिच्यावरून साताऱ्याची महागाई सांगता येत नाही.

किलो सोडून भाव लिहिणं

स्वतः मोजायला निघालात की पहिली गल्लत आठवडे बाजारात होते. मेथी जुडीवर, लिंबं वाट्यावर, केळी डझनावर. काही गावांत धान्य अजून मापट्याने आणि शेराने मोजतात. वहीत ‘मेथी १५ रुपये’ एवढंच लिहिलं तर ती नोंद निरुपयोगी आहे. थंडीतली जुडी आणि ऐन पावसातली जुडी यांत जवळजवळ निम्म्याचा फरक पडू शकतो. भाव १५ चाच राहिला, जुडी निम्मी झाली, तर भाव दुप्पट झालेला असतो आणि तुमची वही मात्र ‘बदल नाही’ म्हणते. उपाय साधा आहे: पिशवीत छोटा वजनकाटा ठेवा आणि प्रत्येक जुडी, प्रत्येक वाटा ग्रॅममध्ये लिहा. मापट्याचं वजनही धान्यागणिक वेगळं भरतं. ज्वारीचं मापटं आणि बाजरीचं मापटं एकाच वजनाचं धरू नका.

पाकिटबंद मालात हीच चलाखी कंपन्या करतात. दहा रुपयांचं पाकीट दहा रुपयांनाच मिळतं, आतला माल १०० ग्रॅमचा ८० ग्रॅम होतो. ही २५ टक्के भाववाढ आहे, वीस नव्हे. भागाकार करून बघा.

बाजारात वेळही ठरलेली हवी. सकाळी दहाचा भाव आणि अंधार पडताना बाजार उठतानाचा भाव हे जवळजवळ दोन वेगळे माल आहेत. एका महिन्यात सकाळी आणि पुढच्या महिन्यात संध्याकाळी गेलात, तर घड्याळाचा फरक महागाईच्या खात्यात जमा होतो. घासाघीस करून मिळालेला भाव लिहायचा की सांगितलेला, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. खरा भाव म्हणजे गिऱ्हाइकाने शेवटी मोजलेले पैसे, त्यामुळे तोच लिहिलेला बरा. विक्रेताही तोच ठेवा. बांधावरून माल आणून बसलेला शेतकरी आणि मंडईतून उचलून आणलेला व्यापारी यांचे भाव वेगळेच असणार. अधूनमधून त्यांची अदलाबदल झाली की आकडे विनाकारण नाचतात.

मार्केट यार्डाचा दर घरात आणणं

सांगलीत ही चूक जरा जास्तच होते, कारण इथे हळद आणि बेदाण्याचा मोठा बाजार आहे. सौद्यात हळदीला चढा दर निघाला की बातमी येते आणि त्यावरून ‘सांगलीत महागाई’ असा निष्कर्ष निघतो. सौद्यातला दर क्विंटलचा, उत्पादकाला मिळणारा. किराणा दुकानापर्यंत त्यावर हमाली, तोलाई, दळण, पॅकिंग, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा चढतो. त्यातही एका घराला महिन्याला हळद लागते किती? हळद दुप्पट झाली तरी महिन्याचा खर्च काही रुपयांनीच हलतो. दूध दहा टक्क्यांनी वाढलं तर मात्र लगेच जाणवतं. गावात काय पिकतं यापेक्षा घरात काय खर्च होतं, त्यावर वजन ठरतं.

वजन म्हणजे भार, एकूण खर्चातला त्या वस्तूचा वाटा. २०१२ च्या मालिकेत खाण्यापिण्याचा भार ग्रामीण निर्देशांकात ५४.१८ टक्के आणि शहरी निर्देशांकात ३६.२९ टक्के होता. तीच भाजी तितकीच महागली तरी जत तालुक्यातल्या घराला आणि सांगली शहरातल्या घराला वेगळा चटका बसतो, तो यामुळे. जिल्ह्याची सरासरी काढताना आटपाडी, मिरज, शिराळा यांचे दर नुसते मिळवून तीनने भागू नका. जिथे एकूण खर्च जास्त होतो, त्या बाजाराला भार जास्त द्यायला हवा.

कुणाची टोपली?

खरी गंमत इथे आहे. सांगली आणि सातारा यांची तुलना करायची, तर टोपली, म्हणजे घर महिन्याला काय आणि किती घेतं त्याची यादी, कुणाची घ्यायची? पुन्हा काल्पनिक आकडे. सांगलीतलं घर महिन्याला ४,००० भाड्यावर आणि ६,००० खाण्यावर खर्च करतं. साताऱ्यात भाडं २० टक्के कमी आणि खाणं १० टक्के जास्त आहे असं धरू. सांगलीची हीच टोपली साताऱ्यात ३,२०० अधिक ६,६००, म्हणजे ९,८०० ला पडेल. सातारा दोन टक्के स्वस्त.

आता साताऱ्याचं घर घ्या. तिथे भाड्यावर २,००० आणि खाण्यावर ८,००० जातात. ही टोपली सांगलीत घेतली तर भाडं २,५००, खाणं सुमारे ७,२७३, एकूण ९,७७३. म्हणजे याच टोपलीने सातारा सव्वादोन टक्क्यांहून थोडा जास्त महाग निघाला. भाव तेच, गावं तीच आणि निकाल उलटा! यात कुणी लबाडी केलेली नाही. दोन्ही उत्तरांचा भूमितीय मध्य, म्हणजे त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, घेतला (याला फिशर निर्देशांक म्हणतात), तर फरक जवळजवळ शून्यावर येतो. दोन गावांची तुलना छापताना टोपली कुणाची होती हे लिहिलं नसेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यादी करतानाही पेच पडतो. सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या घरात इंद्रायणी शिजतो, सांगलीच्या घरात कोलम. दोन्हीकडे ‘तांदूळ’ लिहिलं तर वाणांची तुलना होते, गावांची नाही. आणि दोन्हीकडे कोलमच मोजला तर पाटणमध्ये तो फारसं कुणी खात नसेल. मधला मार्ग म्हणजे प्रत्येक गटात दोन-तीन वाण ठेवा, नेमकं वर्णन लिहा आणि जो वाण दोन्हीकडे खपतो त्याचीच गावांमध्ये तुलना करा. गावातल्या गावात काळाची तुलना करताना मात्र तिथला रोजचा वाण घ्या.

छापील किमतीच्या वस्तू यादीत किती आहेत हेही मोजा. साबण, मीठ, बिस्किटं दोन्ही शहरांत त्याच किमतीला. एसटीचं भाडं राज्यभर टप्प्याने ठरतं, महावितरणचे दरही गावागणिक बदलत नाहीत. अशाच वस्तूंनी यादी भरली तर ‘काही फरक नाही’ हे उत्तर आधीच ठरल्यासारखं आहे. फरक सापडतो तो भाजी, दूध, खोलीभाडं, गिरणीचं दळण, न्हावी, शिकवणी, गवंड्याची मजुरी यांत.

आकडा विचित्र आला तर

भाववाढीच्या गुणोत्तरांची साधी सरासरी घेतलीय का ते आधी बघा. एका दुकानात वस्तू २० ची ४० झाली, दुसऱ्यात ४० ची २०. गुणोत्तरं २ आणि ०.५, साधी सरासरी १.२५. म्हणजे हिशोब २५ टक्के महागाई दाखवतो, आणि बाजारात एकूण काहीच हललेलं नसतं. भूमितीय मध्य घ्या, तो १ येतो.

भूमितीय मध्य घेतल्यावर एखादा गट चक्क शून्य दाखवत असेल, तर त्यात रेशन असणार. अन्न सुरक्षा कायद्याखालचं धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. भाव शून्य लिहिला की गुणाकार शून्य. रेशनचं धान्य वेगळ्या ओळीत ठेवा आणि त्याचं काय केलं ते अहवालात लिहा.

सगळेच आकडे एकदम निम्मे-पाव झालेले दिसले, तर आधार वर्ष बदललंय. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक सप्टेंबर २०२० पासून २००१ ऐवजी २०१६ च्या आधारावर आला, आणि दोन्ही जोडायला २.८८ हा गुणक दिला गेला. तो न लावता आलेख काढला तर भाव कोसळल्याचा भास होतो. ग्राहक किंमत निर्देशांकाची मालिकाही आता २०१२ वरून २०२४ च्या आधारावर गेली आहे. तिथेही हेच भान ठेवा.

स्वतःचा आधार महिना निवडताना ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ टाळा. कृष्णेच्या पुरात सांगलीत दूध-भाजीची आवकच विस्कटली होती. त्या भावांवर १०० ठेवलं तर पुढचं सगळं स्वस्त दिसेल. एप्रिल-मे २०२० ही तसेच. टाळेबंदीमुळे मार्च २०२० मध्येच प्रत्यक्ष भाव गोळा करणं थांबलं होतं आणि त्या दोन महिन्यांचे सरकारी निर्देशांक अंदाजाने भरलेले आहेत. एका महिन्यापेक्षा अख्ख्या वर्षाची सरासरी आधार म्हणून घ्या.

आणि वाचकांकडून सर्वांत जास्त होणारी चूक: महागाई दर उतरला म्हणजे भाव उतरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाचा किरकोळ महागाई दर ०.२५ टक्के होता आणि खाद्यपदार्थांचा तर उणे ५.०२. लोक म्हणाले, मग मंडईत का जाणवत नाही? कारण वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, खाद्यपदार्थांचा दर १०.८७ टक्के होता. शंभराचे आधी ११०.८७ झाले, मग त्यातून पाच टक्के उतरून सुमारे १०५.३० उरले. दोन वर्षांच्या हिशोबात खाणं महागलेलंच होतं. ज्याला दोन वर्षांपूर्वीचा भाव आठवतो तो चुकत नाही, आणि सरकारी आकडाही चुकत नाही. त्यांनी मोजलेला काळ वेगळा आहे.

भाडं

भाड्यासाठी लोक ‘खोली भाड्याने देणे आहे’च्या पाट्या आणि जाहिराती वाचतात. त्या नव्या भाडेकरूसाठी असतात, आणि त्यांत मागणी असते, व्यवहार नसतो. गावातली बहुतेक बिऱ्हाडं जुनी, अकरा महिन्यांचा करार पुन्हा पुन्हा करत राहणारी. २०१२ च्या मालिकेसाठी सरकारी पाहणी ठरावीक घरांकडे दर सहा महिन्यांनी जाऊन भाडं विचारत असे. तुम्हीही तसंच करा. साताऱ्यात शाहूपुरी आणि सदरबझार, सांगलीत विश्रामबाग आणि गावभाग, अशा वस्त्यांतली काही घरं ठरवा. किती खोल्या, कोणता मजला, नळाचं पाणी किती वेळ, हे एकदा लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्याच दारात जा. मधे मालकाने फरशी बदलून ५०० रुपये वाढवले असतील, तर ती वाढ ‘सुधारणा’ म्हणून वेगळी लिहा, महागाईत धरू नका. घर रिकामं सापडलं तर त्याच आळीतलं तशाच खोल्यांचं घर घ्या, आणि बदल केल्याची तारीख नोंदवा.