भाडं थकलंय? नोटीस, पावती आणि 90 दिवस

भाडं थकलं म्हणून घरमालक भाडेकरूला उद्याच बाहेर काढू शकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार आधी लेखी नोटीस हवी. त्यानंतर 90 दिवस थकबाकीवरून घर खाली करून घेण्याचा दावा लावता येत नाही. तेवढ्यात बाकी फेडा आणि पावती मागाच, ती तुमचा हक्क आहे. मालक पैसे घेतच नसेल तर मनीऑर्डर करा, पोस्टाची पावती जपा. सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडणं तर गुन्हाच, कलम 29. लिव्ह अँड लायसन्सवर (ठराविक मुदतीच्या परवाना करारावर) राहणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही. करारातली मुदत आणि अटी आजच वाचा. वकील परवडत नाही? विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 वर फोन करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.